हेडमास्तरांच्या पत्राला उशिरा उत्तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हे पत्र खरं तर १९९५ सालीच यायला हवं होतं. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आपल्या याच 'वाचकांची पत्रे'त आमच्या कराडच्या एका हायस्कुलाच्या हेडमास्तरांचं पत्र छापून आलं होतं. एसटी स्टँडच्या मागं व्हिडिओ गेमची दुकानं निघाली आहेत, पोरं शाळा बुडवून तिथं पडीक असतात, घरातले पैसे उचलतात, आणि पडद्यावर रोज मारामारी करून करून ही पिढी उद्या गुंड होणार, तरी पोलिसांनी ही दुकानं बंद करावीत, असा एकूण मजकूर. दुकानं असं अनेकवचन होतं, पण स्टँडच्या मागं दुकान एकच होतं आणि ते आमचं होतं.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पत्र कात्रीनं नीट कापून गल्ल्यावरच्या काचेखाली ठेवलं. रागानं नाही. "आपल्याबद्दल पेपरात आलंय," एवढंच म्हणाले. मला तेव्हा सोळावं लागलं होतं. उत्तर लिहिते म्हणून मी मागंच लागले, तर म्हणाले, "मास्तर माणसाला उलटून बोलायचं नसतंय." पत्र राहिलं. अण्णा जाऊनही आता सहा वर्षं झाली. गेल्या दिवाळीत माळा आवरताना ती काच सापडली. कात्रण तिला असं चिकटून बसलंय की सोडवायला गेलं तर फाटतंय.

तरीही मी गप्पच बसले असते. पण गेल्या महिन्यात आपण ऑनलाइन रमीपायी कर्जात बुडालेल्या एका तरुणाची बातमी दिली. बातमी खरी असणार, वाईटही वाटलं. फक्त तिच्यावर मथळा 'गेमिंगचा विळखा' आणि शेजारी चित्र कसलं, तर हातात गेमचा कंट्रोलर धरलेल्या पोराचं. रमी कंट्रोलरनं खेळतात का हो? पत्त्यांच्या क्लबवर धाड पडली तर आपण बातमीशेजारी बुद्धिबळाच्या पटाचं चित्र लावाल का? म्हटलं, आता तीस वर्षांचं एकदमच लिहावं.

आधी ज्या निकालासाठी हे सगळं लिहिते आहे तो सांगते. तो आपल्या क्रीडा पानावर मला कधी दिसला नाही.

२८ सप्टेंबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊला एशियाड चालू होतं. त्या दिवशी आपल्या पोरांनी दहा मीटर एअर पिस्तुलात सांघिक सुवर्ण घेतलं, ते पानभर आलं, यायलाच हवं होतं. त्याच दिवशी त्याच गावात 'स्ट्रीट फायटर ५' या खेळाची, म्हणजे दोघांनी पडद्यावर आपापला गडी निवडून लढवायच्या व्हिडिओ गेमची, अंतिम लढत झाली. होय, पदकाची. जकार्ताच्या २०१८ च्या एशियाडमध्ये असे व्हिडिओ गेम, म्हणजे ई-स्पोर्ट्स, नुसते प्रात्यक्षिक म्हणून होते, हांगझोऊला पहिल्यांदाच सात प्रकारांत खरी पदकं होती आणि मारामारीचा खेळ त्यातला एक होता. अंतिम लढतीत एका बाजूला तैवानचा श्यांग यू-लिन आणि दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरियाचा किम ग्वान-वू. किमचं वय चव्वेचाळीस. म्हणजे बरोबर माझ्याएवढं. ज्या वयात आमच्या पतसंस्थेतले पुरुष जिना चढताना मधे थांबून फोन बघितल्यासारखं करतात, त्या वयात हा गडी एशियाडच्या अंतिम फेरीत. चार गेम जिंकेल तो विजेता. तीन-तीन झाले, सातवा गेम किमनं घेतला. कोरियाचं ई-स्पोर्ट्समधलं ते पहिलं सुवर्णपदक. 'लीग ऑफ लेजंड्स' या खेळात जगात ज्याचं नाव आहे तो फेकर आणि त्याचा संघ दुसऱ्या दिवशी जिंकला, पण पहिलं पदक या काकांचं. कोरियात एशियाडचं सुवर्ण मिळालं की सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते. फेकर सत्तावीस वर्षांचा, त्याला ती मिळाली. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला त्या सवलतीचा काय उपयोग, यावर तिकडं बरीच चेष्टा झाली म्हणे.

मला हे कळलं ते पुण्याला इंजिनिअरिंग करणाऱ्या माझ्या मुलामुळं. त्यानं व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, 'आई, तुझ्या बॅचचा.' घरी सासूबाईंची झोप हलकी. त्यामुळं स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून, आवाज बंद करून मी ते सात गेम बघितले. साडेबारा वाजले. दूध लावायचं राहिलं ते राहिलंच, सकाळी दही नव्हतं.

किमनं घेतलेला गडी होता वेगा. तोंडावर मुखवटा, एका हाताला लांब नख्या, स्पेनमधला. जपानात आणि कोरियात त्याचं नाव वेगळं आहे, ते आपल्याकडं आलेल्या नावाशी जुळत नाही. मूळ जपानी खेळातला मुष्टियोद्धा नावानं आणि रूपानं माईक टायसनच्या फार जवळ जात होता, अमेरिकेत कोर्टकचेरी नको म्हणून तिघांची नावं आपसांत फिरवली, त्याचा हा घोळ. ते असो. या पाचव्या खेळात वेगाला नख्या काढून ठेवता येतात आणि परत घालता येतात. नख्या घातल्या की हात लांब पोचतो, काढल्या की हाताशी येणारे डाव बदलतात. स्पर्धांत हा गडी फारसा कुणी घेत नाही, दुबळा समजतात. आमच्या दुकानात वेगा संगणकाकडं असायचा, आम्हाला निवडता यायचा तो पुढच्या आवृत्तीत. तेव्हा त्याला दांडी, म्हणजे जॉयस्टिक, मागं दाबून धरावी लागायची आणि मग एकदम पुढं. पोरांच्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टे पडायचे.

आता दुकानाचं सांगते, कारण त्याशिवाय मला या निकालाचं नवल का वाटलं आणि का नाही वाटलं, ते कळायचं नाही.

दुकान म्हणजे दहा बाय चौदाचा पत्र्याचा गाळा. पाच मशीनं, मुंबईहून ट्रकनं आणलेली, जुनीच. मशीनमागं करमणूक कर वेगळा भरावा लागायचा. एकावर 'मुस्तफा' चालायचं. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', पण ते कोण म्हणणार. त्यातल्या टोपीवाल्या गड्याचं नाव मुस्तफा, म्हणून खेळच मुस्तफा. आणि दाराजवळ, रस्त्यावरून दिसेल असं, स्ट्रीट फायटरचं मशीन. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीनं १९९१ साली काढलेला दुसरा भाग. आमच्याकडं आला तोपर्यंत त्र्याण्णव उजाडलं होतं. एक दांडी, सहा बटणं. वरची तीन बुक्क्यांची, खालची तीन लाथांची, डावीकडून उजवीकडं हलकी, मधली, जोराची. एक रुपयाला एक कॉइन. कॉइन म्हणजे अण्णांनी पाडून घेतलेले पितळी बिल्ले. हरला तो उठायचा, जिंकला तो बसून राहायचा. मशीनच्या कडेला खडूनं नंबर लिहिलेले असायचे. शाळेच्या गणवेशात प्रवेश नाही अशी पाटी अण्णांनी हेडमास्तरांच्या पत्राच्या आधीपासून लावलेली होती. पोरं शर्ट उलटा घालून यायची. शिवण बाहेर, खिसा आत. अण्णा दारातच कॉलर धरून उलटा शर्ट सुलटा करायला लावायचे आणि मग घरी हाकलायचे. हे त्या पत्रात नव्हतं.

मी गल्ल्यावर बसायचे. शाळा सकाळची, दुपारी अण्णा जेवायला गेले की दुकान माझ्याकडं. आणि रविवारी सकाळी आठ ते नऊ, शटर अर्धं खाली असताना, पाचही मशीनं माझी. फुकट. त्या तासात मी किती हजार वेळा आडुकेन, म्हणजे हातातून गोळा फेकायचा डाव, मारला असेल देव जाणे. खाली, खाली-पुढं, पुढं, बुक्की. मनगट फिरवायचं नाही, नुसती बोटं. आजही पतसंस्थेत आकडेमोड करताना डावा हात टेबलावर तसा फिरत असतो, शेजारची मला विचारते, काय गं, जप करतेस काय.

आणि आमच्याकडं एक कंडक्टर यायचे. पाटण गाडीचे. फेरी संपून दुसरी सुटेपर्यंत त्यांना तीस-पस्तीस मिनिटं मोकळी मिळायची. चाळिशी उलटलेली, डोक्यावर टक्कल, खाकी गणवेश. तिकिटांची पेटी मशीनच्या डोक्यावर ठेवायचे, चामडी बॅग पोटावर तशीच. नंबर येईपर्यंत हातातला तिकिटं पंच करायचा चिमटा टिकटिक टिकटिक वाजवत उभे राहायचे, आणि खेळणारी पोरं त्या आवाजानं हैराण व्हायची. घ्यायचे धालसिम. खेळात आपल्या देशाचा म्हणून जो गडी ठेवलाय तो हा: योगी, हातपाय रबरासारखे लांबणारे, तोंडातून आग काढणारा, गळ्यात लहान कवट्यांची माळ. अण्णांना ती माळ बघवायची नाही. "हिंदुस्थानातनं हाच सापडला व्हय यांना," म्हणायचे. तो संथ, उडी मारली तर पानासारखा तरंगत खाली येणारा. पोरं सगळी रियू नाहीतर केन घ्यायची. धालसिम घेणाऱ्याला हसायची.

कंडक्टरसाहेब हरायचे फार कमी. एकदा दुपारी दुकानात कुणी नव्हतं, मी त्यांच्याशी खेळले आणि तीनदा लागोपाठ हरले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी विसरलेले नाही. म्हणाले, "पोरी, तू सारखी तुझ्याच गड्याकडं बघतीस. आपण कुठं हाय ते आपल्याला ठाऊक असतंय की. समोरच्याकडं बघायचं. आणि तो हलतोय तवा बघून काय उपयोग? हलायच्या आधी बघ."

यात सगळं आलं. खेळाचा पडदा एका सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. पाचव्या स्ट्रीट फायटरमध्ये सगळ्यात झटपट ठोसा तीन चित्रांत लागतो, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात. समोरच्याला धरून आपटायला पाच चित्रं लागतात. माणसाच्या डोळ्याला काही दिसून बोट हलायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो, म्हणजे बारा चित्रं. आता हिशेब करा. बघून अडवणं विशीतल्या पोराला जमत नाही आणि चव्वेचाळिशीतल्यालाही नाही. दोघंही आंधळे सारखेच. मग उरतं काय, तर हा आता काय करणार याचा अंदाज. दोनदा अडवला की हा गडी तिसऱ्यांदा धरायला येतो, पडून उठला की दर वेळी बटण दाबतो, शक्ती संपत आली की मागं सरकतो. या खोडी ओळखायला वर्षं लागतात. लांबून मारलेल्या उडीवर, सावकाश येणाऱ्या फटक्यावर तरुण बोटं उपयोगी पडतात, नाही असं नाही. पण तेवढ्यावर एशियाड जिंकत नाहीत. म्हणून किमच्या वयाचं सगळ्या जगानं नवल केलं तरी ओट्यापाशी उभी राहून मला वाटलं ते एवढंच, की हा तर आपला कंडक्टर. फक्त टक्कल नाही.

शहाण्णवच्या मे महिन्यात अण्णांनी दुकानात स्पर्धा ठेवली होती. प्रवेश पाच रुपये, बक्षीस स्टीलचा पाच लिटरचा डबा आणि शंभर कॉइन. बत्तीस नावं आली. तेहेतिसावं माझं होतं. मी ते स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं आणि अण्णांनी स्वतःच्या हातानं खोडलं. "बत्तीसच पाहिजेत, जोड्या लागत नाहीत," हे कारण. कारण बरोबर होतं, पण एकतिसावं नाव अण्णांच्या मित्राच्या पोराचं होतं आणि त्याला दांडी कुठल्या हातात धरायची हेही येत नव्हतं. हेडमास्तरांचा राग माझा केव्हाच गेला. हा अजून गेलेला नाही. मी कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता लिहिला आणि लिमलेट वाटलं.

अंतिम लढत कंडक्टर आणि कॉलेजातला एक पोरगा यांची. त्या पोराला सगळे केनच म्हणायचे, केसही तसे वाढवलेले. एक-एक झालं आणि तिसऱ्या फेरीत लाइट गेली. अण्णांचा नियम होता, लाइट गेली की दोघांना एकेक कॉइन परत. पण शक्तीची पट्टी कुणाची जास्त उरली होती यावरून बाहेर रस्त्यावर जुंपली, खेळणारे दोघं सोडून बाकी सगळे भांडत होते. कंडक्टरसाहेब घड्याळ बघत होते, गाडी पावणेपाचची. साडेचारला लाइट आली. मशीन सुरू व्हायला, पडदा तापायला मिनिट-दीड मिनिट. सबंध खेळ पुन्हा. साहेबांनी दोन-शून्य घेतला, डबा बगलेत मारला आणि पळत स्टँडवर गेले. शंभर कॉइन न्यायचे राहिले. पुढं पन्नास दिवस रोज दोन-दोन करून वापरले. गावात सगळे म्हणाले, तुक्का लागला.

तुक्का! हाच शब्द या खेळाच्या प्रत्येक मोठ्या निकालाला लावतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये जपानच्या फुकुओका शहरात 'टेकन ७'ची मोठी स्पर्धा झाली. टेकन म्हणजे याच जातीचा दुसरा खेळ, त्यात कोरियन आणि जपानी खेळाडूंची मक्तेदारी. जिंकला लाहोरचा अर्सलान सिद्दिक, खेळातलं नाव अर्सलान अ‍ॅश. व्हिसा आणि विमानं यांच्या कटकटीतून कसाबसा स्पर्धेला पोचलेला, बाहेरच्या जगाला जवळजवळ अनोळखी. जिंकल्यावर वर म्हणाला की आमच्याकडं माझ्याच तोडीचे आणखी आहेत. लोक हसले. ऑगस्टमध्ये त्यानं अमेरिकेत लास व्हेगासला 'ईव्हो' जिंकली, ती या खेळांची सगळ्यात मोठी जत्रा, आणि अंतिम फेरीत हरवलं ते कोरियाच्या बे जे-मिनला, ज्याला सगळे 'नी' म्हणून ओळखतात आणि देव मानतात. पुढं हा नी स्वतः विमानात बसून लाहोरला गेला, यांच्यात एवढं काय आहे ते बघायला, आणि तिथल्या पोरांकडून हरून आला. अर्सलाननं व्हेगासला २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तीन वर्षं लागोपाठ पुन्हा जिंकली. आता कुणी तुक्का म्हणत नाही. लाहोरचं नाव काढल्यावर आपल्या काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, पडू दे. ते पोरगं तयार झालं ते आमच्यासारख्याच गल्लीतल्या गेमच्या दुकानांत, जिथं हरला की उठायचं आणि परत बसायला पैसे मोजायचे. तिथं माणूस फुकट हरत नाही, त्यामुळं शिकतो.

मुलगा म्हणाला, आई, डायगोबद्दल लिही, त्याशिवाय लोकांना मजा कळणार नाही. तर लिहिते. २००४ ची ईव्हो, कॅलिफोर्निया. स्ट्रीट फायटरचा तिसरा भाग. जपानच्या डायगो उमेहाराच्या केनची शक्ती संपलेली, पट्टीत एक रेघ उरलेली. साधं अडवलं तरी मरेल अशी अवस्था. समोर अमेरिकेचा जस्टिन वाँग, त्यानं आपल्या चुन-ली या लढवय्या बाईचा मोठा डाव टाकला, पंधरा लाथांचा. या भागात एक सोय आहे, फटका लागतो त्याच क्षणी दांडी पुढं, म्हणजे माराच्या दिशेनं ढकलली तर तो फटका वाया जातो. चुकलं तर खेळ खलास. डायगोनं पंधराच्या पंधरा तशा उडवल्या आणि उलटून जिंकला. सभागृहातले लोक खुर्च्यांवर चढून ओरडतात तो आवाज ऐकण्यासारखा आहे. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच. पुढं अंतिम लढतीत डायगो हरला. त्या वर्षी जिंकलेल्या खेळाडूचं नाव विचारलं तर माझ्या मुलालासुद्धा चटकन आठवलं नाही. आपल्या क्रीडा पानानं हा निकाल छापला असता तर विजेत्याचं नाव तरी राहिलं असतं.

हांगझोऊला स्ट्रीट फायटरमध्ये आपलेही दोघं होते, मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास. पदक मिळालं नाही. ते गेले होते हेसुद्धा मला मुलाकडून कळलं. कुस्तीत पहिल्या फेरीत हरलेल्या मल्लाचं नाव आपण बारीक टायपात का होईना देता. ते देण्यानं कुणी कुस्तीवेडं होऊन घर विकत नाही.

कायद्याचं म्हणाल तर केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडं दिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सना खेळ म्हणून मान्यता दिली. एकाच कायद्यात दोन्ही, म्हणजे सरकारला फरक कळला. सरकारला कळलं ते आपल्या उपसंपादकांना कळायला हरकत नसावी. तेव्हा माझी विनंती एवढीच. जुगाराच्या बातमीला जुगार म्हणा, रमी म्हणा, त्यावर पत्त्यांचं चित्र लावा. आणि २०२६ च्या आयची-नागोया एशियाडमध्ये स्ट्रीट फायटर, टेकन आणि 'किंग ऑफ फायटर्स' या तिन्ही घराण्यांचे खेळ ठेवलेत, त्यांचे निकाल क्रीडा पानावर, बाकीच्यांच्या रांगेत द्या. चार ओळी पुरे. कोण, कुठला, किती-किती, कुठला गडी घेऊन.

हेडमास्तरांचं सगळंच चूक होतं असंही मी म्हणत नाही. घरातले पैसे उचलणारी पोरं होती. एकानं आजीच्या बटव्यातनं पन्नासची नोट आणली होती, अण्णांनी नोट घेऊन त्याला आजीकडं पोचवलं आणि आजीनं दोघांनाही शिव्या दिल्या. शाळा बुडायची. पण मारामारीचे खेळ खेळून गुंड झालेला मला एकही माहीत नाही. पत्र आल्यावर पोलीस दोनदा येऊन गेले, कागद बघून, मुस्तफा खेळून गेले. दुकान बंद पडलं ते २००० साली, घरोघरी टीव्हीला जोडायचे स्वस्त गेम आले आणि स्टँडसमोर सायबर कॅफे निघाला तेव्हा. मशीनं भंगारात गेली. स्ट्रीट फायटरच्या मशीनची दांडी तेवढी मी काढून ठेवली, तिचा लाल गोळा एका बाजूनं झिजून पांढरा पडलाय.

किमला जिंकल्यावर पत्रकारांनी जुन्या दिवसांबद्दल विचारलं होतं. तो म्हणाला ते असं, की लहानपणी गेमच्या दुकानात चांगलं खेळलं की मोठी पोरं ओढून नेऊन मारायची, पण मार खाऊनही खेळावंसं वाटायचं. त्याच्या आईला असलं काही शोधून बघता येत नाही. कुणीतरी ओळखीच्यानं तिला कळवलं आणि तिचा मेसेज आला, हे सांगताना त्याला बोलता येईना. तिकडंही कुठल्या तरी हेडमास्तरांनी पेपरात पत्र लिहिलं असणार.

आता मुलगा सुट्टीत आला की आम्ही सहावा भाग खेळतो. त्यात एक नवी सोय काढलीय, एका बटणावर शोर्युकेन, म्हणजे उडून मारायचा ठोसा. पुढं, खाली, तिरकं काही नाही, बटण दाबलं की गडी उडाला. मी ती वापरत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. त्यामुळं बहुतेक वेळा हरते. पण गेल्या खेपेला मी धालसिम घेतला, पोरगं पडून उठलं की दर वेळी बटण दाबतं हे माझ्या ध्यानात आलं होतं, आणि पाचपैकी तीन घेतले. तो म्हणाला, तुक्का.

आपली,
एक वाचक, कराड
(नाव छापू नये. सासूबाई पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात.)

ता. क. – १९९५ च्या पत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे. कात्रण सुटेना म्हणून काचेसकट मशीनवर ठेवून काढली, त्यामुळं कडा काळ्या आल्यात. वर उजव्या कोपऱ्यात जो गोल डाग दिसतो तो शाईचा नाही, चहाचा आहे. कंडक्टरसाहेबांनी तिथं पेला ठेवला होता, आणि काचेला तिथं तडा होता.